इकडील सर्व खुशाल
(नंदाखाल येथील साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुमच्या वर्गाचे पहिले पुस्तक काल संपले. आता तुम्हांला जोडाक्षरे वाचता येतात. सही करता येते. एस.टी.ची पाटी वाचता येते. पुढच्या पुस्तकात पत्रलेखनाचा धडा आहे. तो सुरू होण्यापूर्वी तुमच्यापुढे चार शब्द बोलावे, असे वर्गाच्या बाईंनी आम्हांला सांगितले.

आम्ही या भागात पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. शेवटी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि वर मास्तरकीचे ट्रेनिंग. तेव्हा मोठे व्याख्यान आमच्याकडून होणार नाही. आम्ही एका बाईची आठवण सांगणार आहो. त्या आठवणीत आमची एक चूक आहे. तीही सांगू.

या बाई आपल्याच गावच्या. त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. त्यांची मुले आहेत, नातवंडे आहेत. त्यांच्या घरची गोष्ट नावानिशी सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. कोणाला ओळख पटली तर त्याने ती मनातच ठेवावी. बायचा नवरा फौजेत हवालदार होता. म्हणून गाव त्यांना ‘मिलिटरीवाली बाय’ म्हणे. आपणही त्यांना बाय म्हणू.

फौजी माणूस वर्षातून दोन महिने रजेवर घरी येतो. उरलेले दहा महिने घर त्याच्या बायकोचे. घरात म्हातारी सासू होती. दोन लहान मुले होती. एक मुलगी, एक मुलगा. वाडीत केळी होत्या, पानवेल होती, मोगरा होता. वांगी आणि दुधी होत असत. बाय पहाटे उठत. भाजीची आणि फुलांची टोपली डोक्यावर घेत. विरारला जाऊन दादरची गाडी पकडत. दुपारी परत येऊन वाडीला पाणी लावत. मुलांचा अभ्यास मात्र त्यांना घेता येत नसे. कारण बायना लिहिता-वाचता येत नव्हते.

नवऱ्याचे पत्र येई, तेव्हा त्या रविवारी मिस्सा आटोपून आमच्याकडे येत. शाळेच्या ओट्यावर बसत. आम्ही पत्र वाचून दाखवत असू. मग त्या उत्तर सांगत आणि आम्ही लिहून देत असू. गावात अशी पत्रे आम्ही पुष्कळ लिहिली. पत्राची सुरुवात ठरलेली असे. ‘इकडील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवावी.’ हे दोन वाक्य आमच्या हाताला इतके सवयीचे झाले होते की, बाय बोलू लागण्याच्या आतच ते कागदावर उमटलेले असत.

१९८७ सालच्या जुलै महिन्यात आपल्या देशाची शांतिसेना श्रीलंकेत गेली. बायचा नवराही पुढे तिकडे गेला. तेथे जंगलात लढाई चालू होती. रस्त्यात सुरुंग पेरलेले असत. ती सेना १९९० सालच्या मार्चमध्ये परत आली. तोवर आपले सुमारे १२०० जवान तेथे कामी आले होते. आज हा आकडा आपण सहज वाचतो. त्या वेळी ज्या घरांत पत्राची वाट पाहिली जात होती, त्यांना तो आकडा ठाऊक नव्हता. त्यांना इतकेच कळत होते की, टपालवाला आज आपल्या दारी थांबला नाही.

१९८८ सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बायना छातीत एक गाठ हाताला लागली. अंघोळ करताना लागली. सुपारीएवढी होती. दुखत मुळीच नव्हती. बायनी ती गोष्ट आमच्या पत्नीला सांगितली. पत्नीने आम्हांला सांगितली. पुढच्या रविवारी बाय पत्र लिहून घ्यायला आल्या. आम्ही जरा संकोचाने विचारले, “बाय, तब्येतीचे लिहायचे ना?”

बाय म्हणाल्या, “नको मास्तर. ते लढाईवर हायत. गाठीचं वाचून त्यांचं चित्त ठिकाणावर नाय राहणार. दुखत तर कायच नाय. जाईल आपोआप.”

आम्हांला ते पटले. नुसते पटलेच असे नव्हे, तर बायच्या धीराचे कौतुक वाटले. आम्ही लिहिले, ‘इकडील सर्व खुशाल.’

मंडळी, हीच आमची चूक. जून ते डिसेंबर अशी सात पत्रे आम्ही लिहिली. सातही पत्रांत तेच वाक्य लिहिले. पत्रात खोटे लिहिता लिहिता आम्ही स्वतःही ते खरे मानू लागलो. डॉक्टरला दाखवा, असे एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. सासूबाईंनी पाल्याचा लेप लावला. कोणी गंडा दिला, कोणी अंगारा दिला. पाऊस संपला. भातकापणी झाली. नाताळ आला. सुपारी होती तिचे लिंबू झाले. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आणि आत ओढल्यासारखी दिसू लागली. तेव्हा आमच्या पत्नीने आम्हांला बाजूला सारले. जानेवारीत ती स्वतः बायना घेऊन विरारच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिले होते : टाटा हॉस्पिटल, परळ.

त्या चिठ्ठीने घरात रडारड झाली. त्या काळी लोक कॅन्सर हा शब्द उच्चारत नसत. ‘तो रोग’ म्हणत. टाटाला गेलेला माणूस परत येत नाही, असे बोलत. म्हणून हा रोग काय आहे, हे आधी समजून घेऊ. आम्ही डॉक्टर नव्हे. पण बायबरोबर खेपा घालताना जे ऐकले आणि पुढे जे वाचले, ते सांगतो.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. विटांची भिंत असते, तसे. जुन्या पेशी मरतात. त्यांच्या जागी गरजेपुरत्या नव्या होतात. कधी कधी काही पेशी हा नियम मोडतात. गरज नसताना वाढत सुटतात. वाडीत हराळी शिरते तेव्हा काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. आधी ती एका कोपऱ्यात असते. तेव्हाच खणून काढली तर वाडी वाचते. तशीच ठेवली तर तिच्या मुळ्या जमिनीखालून पसरतात आणि चार वाफे सोडून पलीकडे वर येतात. कॅन्सरचे तसेच आहे. मराठीत त्याला कर्करोग म्हणतात. तो एका जागी असतो तोवर काढून टाकता येतो. पसरला की काम अवघड होते.

हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. रोग्याची सेवा केल्याने होत नाही. कोणाच्या पापामुळे किंवा नजर लागल्यामुळेही होत नाही. बायच्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी बायचे ताट वेगळे केले, पेला वेगळा केला. नातवंडांना आईजवळ निजू देईनात. म्हातारी दुष्ट नव्हती. ती भ्यायली होती. टाटातल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट समजावले. घरी आल्यावर म्हातारीने भात कालवला. पहिला घास सुनेच्या तोंडात घातला आणि त्याच ताटात आपण जेवली. आमच्या पत्नीने हे डोळ्यांनी पाहिले.

आता टाटा हॉस्पिटलची हकीकत सांगतो. कारण तेही एका बाईच्या आठवणीतून उभे राहिले आहे. जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई. या बाई स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटल्या. बालविवाह बंद व्हावेत म्हणून बोलल्या. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. घरात पैशाला तोटा नव्हता. पण त्या वेळी त्या रोगावर औषधच नव्हते. १९३१ साली परदेशात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांनी आपली संपत्ती लोकांच्या कामासाठी विश्वस्त निधीला दिली होती. त्या निधीने मुंबईत परळ येथे कर्करोगाचे रुग्णालय बांधले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ सालापासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या उपचारांवाचून एक श्रीमंत बाई गेली, ते उपचार पुढे तेथे गरिबालाही मिळू लागले. आपली भाजी विकणारी बाय त्याच दारातून आत गेली.

आम्ही बरोबर होतो. बायचा भाऊही होता. आत डॉक्टरांनी विचारले, “गाठ केव्हापासून आहे?” बायनी आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले. बाय म्हणाल्या, “सात महिने.” डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर सात हा आकडा लिहिला. तो आकडा आम्हांला आजही दिसतो.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. एका बाजूचे स्तन काढावे लागले. कागदावर बायनी अंगठा उठवला. मग रेडिएशन सुरू झाले. लोक त्याला ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात. आत राहिलेली रोगाची मुळे त्या किरणांनी मारतात. त्या वेळी काही दुखत नाही, पण कातडी काळवंडते आणि माणूस थकतो. पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज जायचे होते. पुढे सलाईनमधून औषध दिले. त्याला केमो म्हणतात. त्याने ओकाऱ्या होतात, केस गळतात. बायचे केस गेले. त्या लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट घेत आणि बाहेर पडत. औषध संपल्यावर केस पुन्हा आले. पहिल्यापेक्षा कुरळे आले, म्हणून बाय हसत.

आता पत्राची गोष्ट सांगतो.

शस्त्रक्रिया झाल्यावर आम्ही म्हणालो, “बाय, आता हवालदारांना खरे कळवू. आजच लिहितो.” बाय म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या अक्षरात नको. ते म्हणतील, बायको मेली, आणि मला धक्का बसू नये म्हणून मास्तर असं लिवतायत. माझ्या हातचं अक्षर पायजे. मंग त्यांना कळेल, मी जिती हाय.”

आम्ही म्हणालो, “अहो, पण तुम्हांला लिहिता येत नाही.”

त्या म्हणाल्या, “मंग शिकवा.”

फेब्रुवारीचे पत्र गेले नाही. बायचा अभ्यास सुरू झाला. शाळेत बसून शिकायला त्यांना वेळ कुठला? त्या गाडीत शिकल्या. विरारहून एल्फिन्स्टन रोडपर्यंत रोज जायचे, रोज यायचे. आता त्या स्टेशनला प्रभादेवी म्हणतात. खिडकीतून प्रत्येक स्टेशनची पाटी दिसे. पाटीवर मोठी मराठी अक्षरे. आमच्या पत्नीने त्यांना पहिल्या दिवशी ‘विरार’ दाखवले. व, र. दुसऱ्या दिवशी ‘नालासोपारा’. मग ‘वसई रोड’, ‘नायगाव’, ‘भाईंदर’. नायगावचा ‘ग’ आला. दहिसरचा ‘ह’ आला. मालाडने ‘म’ दिला, खारने ‘ख’ दिला. दादरचा बाजार त्यांच्या पायाखालचा होता. इतकी वर्षे त्या दादरला उतरत होत्या, पण ‘दादर’ हा शब्द त्यांनी त्या महिन्यात पहिल्यांदा वाचला. ज्या दिवशी वाचला, त्या दिवशी डब्यातल्या बायांना त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. संध्याकाळी घरी त्या पाटीवर तीच अक्षरे गिरवत. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात वर उचलत नसे. डॉक्टरांनी त्या हाताला व्यायाम सांगितला होता. बाय म्हणत, लिहिणे हाच माझा व्यायाम.

मार्च महिन्याच्या अखेरीस त्यांनी पत्र लिहिले. चार संध्याकाळी लागल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. आम्ही एकही चूक दुरुस्त केली नाही. पत्र असे होते :

‘मला छातीत गाठ होती. टाटात कापली. मी जिवंत आहे. मुले शाळेत जातात. आई बरी आहे. हे मास्तरांनी नाही मीच लिहिले. जपून राहा.’

खाली नाव होते. अंगठा नव्हता.

एक महिन्याने उत्तर आले. टपालवाल्याने ते नेहमीप्रमाणे शाळेत आणून दिले. आम्ही ते बायच्या घरी घेऊन गेलो आणि वाचू लागणार, तोच थांबलो. हवालदाराने प्रत्येक अक्षर सुटे आणि मोठे काढले होते. स्टेशनच्या पाटीवर असते तसे. आम्ही कागद बायच्या हातात दिला. त्यांनी बोट ठेवून ठेवून तो वाचला. काय लिहिले होते ते आम्ही विचारले नाही. त्या दिवसानंतर पत्र वाचून घ्यायला बाय आमच्याकडे कधी आल्या नाहीत.

पुढे हवालदार रजेवर आले. त्यांनी आम्हांला एक शब्दही बोल लावला नाही. हात जोडले, चहा पाजला. त्यांनी रागावून घेतले असते, तर आम्हांला बरे वाटले असते.

बाय त्यानंतर दहा वर्षे जगल्या. हे नीट लक्षात घ्या. टाटाला गेलेला माणूस परत येत नाही, असे म्हणणाऱ्या गावात त्या दहा वर्षे वावरल्या. वाडी केली. टोपली जड होई म्हणून दादर सोडले आणि विरारच्या बाजारात बसल्या. मुलगी मॅट्रिक झालेली पाहिली. नवरा पेन्शन घेऊन घरी आलेला पाहिला. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी रोज घेतली. ठरलेल्या तारखेला तपासणीला गेल्या. त्यांनी एक वही केली होती. तीत तारीख, औषध, डॉक्टर काय म्हणाले आणि पुढे केव्हा यायचे, हे सारे त्या स्वतः लिहीत. टाटातले डॉक्टर ती वही मागून पाहत.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. त्यांनी रोग लपवला नाही. विहिरीवर, बावखलाच्या काठी, लग्नाच्या मांडवात, जेथे चार बाया जमतील तेथे त्या सांगत. “दुखत नाय म्हणून मी गप बसले. तुम्ही गप बसू नका. दुखत नाय म्हणूनच दाखवा.” पहिल्याने बाया लाजत. तोंडाला पदर लावून उठून जात. पण रात्री मागच्या दाराने एखादी येई आणि हळूच विचारी. बाय तिला सकाळी डॉक्टरकडे नेत. बहुतेक गाठी साध्याच निघाल्या. त्या बाया हसत घरी आल्या. एका बाईची गाठ मात्र कॅन्सरची निघाली. ती हरभऱ्याएवढी असतानाच काढली गेली. ती बाई आज आजी झाली आहे. आपल्या गावात आहे.

१९९७ साली बायच्या पाठीत दुखू लागले. रोग हाडांत परतला होता. सात महिन्यांची ती उशिरा काढलेली हराळी कोठेतरी राहिली होती. लवकर दाखवले असते तर बाय वाचल्याच असत्या, असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही. पण त्यांची संधी जास्त असती, हे खरे. ती संधी कमी करण्यात आमच्या लेखणीचा हात होता.

शेवटची दोन वर्षे त्यांनी दुखणे सोसले. दुखणे कमी करणारे औषध टाटातून मिळे. हवालदार स्वतः त्यांना उठवीत, बसवीत, केस विंचरीत. ज्या माणसाने जन्मभर बंदूक धरली, तो अंगणात बसून बायकोची वेणी घाली. गाव आधी हसले. मग हसायचे थांबले. १९९९ सालच्या पावसाळ्यात बाय गेल्या. मुलाला त्यांनी शेवटी वही दिली आणि म्हणाल्या, “ताईला वाचून दाखव. तिनेबी तपासून घ्यावं.” आईला हा रोग झाला असेल, तर मुलीने अधिक सावध राहावे लागते. हे त्यांनी डॉक्टरांकडून ऐकून वहीत लिहून ठेवले होते.

तेव्हा भगिनींनो, आता नीट ऐका. पुरुषांनीही ऐका, कारण दवाखान्याचे पैसे आणि सोबत बहुधा तुमच्या हातात असते.

छातीत किंवा काखेत गाठ लागली, एका बाजूचा आकार बदलला, कातडी ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत गेले, त्यातून रक्त किंवा पाणी आले, तर वाट पाहू नये. दुखत नसेल तरी दाखवावे. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते ठरवणे डॉक्टरचे काम आहे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तरी दाखवावे. तोंडात बरी न होणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तरी दाखवावे. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या लोकांनी तर तोंड नेहमी तपासून घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे मिश्री आणि तंबाखू सोडावी.

हाताने तपासून काय होते, असे कोणी विचारील. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत हेच पाहायला सुरुवात केली. सुमारे दीड लाख बायांचे दोन गट केले. एका गटातल्या बायांना आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. त्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या साध्या बाया होत्या. वीस वर्षे हिशेब ठेवला. तो २०२१ साली छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या ज्या बाया तपासल्या गेल्या, त्यांच्यात या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायांत असा फरक स्पष्ट दिसला नाही. तरी गाठ हाताला लागली, तर वय पाहत बसू नये. कोणत्याही वयाच्या बाईने दाखवावे.

पैशाची भीती वाटते, हे आम्ही जाणतो. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तीत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयात चौकशी करावी. फौजेतून निवृत्त झालेल्यांसाठी आणि त्यांच्या बायकांसाठी २००३ सालापासून वेगळी आरोग्य योजना आहे. फौजी कुटुंबांनी आपले कार्ड करून घ्यावे आणि ते स्वतः वाचावे. बायच्या घरीही फौजेचे कागद पेटीत पडलेले असत. त्यांवर आपल्या हक्काचे काय लिहिले आहे, हे त्यांना तेव्हा वाचता येत नव्हते. आम्हीही ते कधी उघडून पाहिले नव्हते.

आता शेवटचे सांगतो. बायची मातीयात्रा झाली. आठ दिवसांनी हवालदारांनी आम्हांला घरी बोलावले. त्यांनी आपली काळी ट्रंक उघडली. आत पत्रांचे दोन गठ्ठे होते. एक बायच्या अक्षरातला. दुसरा आमच्या अक्षरातला. आमच्या गठ्ठ्यातली सात पत्रे त्यांनी वेगळी काढली. आम्हांला वाटले, इतक्या वर्षांनी आता हे बोलणार.

ते म्हणाले, “मास्तर, ही पत्रं मी तिकडे उशाशी घेऊन झोपायचो. ‘सर्व खुशाल’ वाचलं की झोप लागायची.”

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी पत्रांची घडी घातली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवली. मग म्हणाले, “झोप गेली असती तरी चाललं असतं.”

मंडळी, आता तुम्हांला लिहिता येते. तुमचे पत्र दुसऱ्याच्या हाताने जाणार नाही. उद्यापासून पत्रलेखनाचा धडा सुरू होईल. पुस्तकात पत्राचा नमुना दिला आहे. त्याची सुरुवात ‘इकडील सर्व खुशाल’ अशी आहे. वर्गाच्या बाईंना विचारून आम्ही त्यात एक बदल सुचवला आहे. ती ओळ कोरी ठेवावी. घरी जाऊन आधी आई, बायको, सून, सासू, सर्वांना विचारावे. जे खरे असेल ते तेथे लिहावे. सर्व खुशाल असेल, तर आनंदाने तेच लिहावे.

ते पत्र उद्या वर्गात आणा. चुका असू द्या. आम्ही तपासायला येऊ.